हिरवं की लाल? आधी सहा नंबरचा बॉल ठेवून बघा

"दादा, सा. न. आम्ही जळगाव जिल्ह्यातले. नाव-गाव छापू नका. मिस्टर गेल्या वर्षी रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले. फंडातले थोडे पैसे आणि थोडं बचत गटाचं कर्ज असं करून घराच्या खालच्या हॉलमध्ये आम्ही पूलची, म्हणजे त्या काठीनं बॉल मारायच्या खेळाची, दोन टेबलं टाकतोय. टेबलं आठ फुटी, हॉल ३० बाय २०. पोरगा २५ वर्षांचा आहे. त्यानं असिस्टंट लोको पायलटची परीक्षा दिली होती. लेखी पास झाला, मेडिकलला रंगात बाद झाला. मग दोन वर्षं घरीच होता. आता पार्लर तोच चालवणार. टेबलं येऊन पडलीत, कापड लावायचं राहिलंय, कारण कापडाच्या रंगावरून बापलेकांचं बोलणं बंद आहे. मिस्टर म्हणतात, टेबल म्हणजे हिरवंच. लाल म्हणजे मांडवाची कनात. पोरगा म्हणतो, हिरवं जुन्या लोकांचं. लाल नाहीतर काळं टाकू, फोटोत उठून दिसतं, पोरं येतात. त्याचे मित्रही 'काय भो, लालच टाक' म्हणतात. फिटर निळं घ्या म्हणतो, पण त्याच्याकडे निळ्याचा तागा पडून आहे, म्हणून तो तसं सांगतोय का, ते कळत नाही. मला खेळातलं काही समजत नाही, मी हिशेब बघणार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उद्घाटन ठरलंय. एका टेबलाला हिरवं आणि एकाला लाल लावून भांडण मिटवू का?"

ताई,

आखाजी तोंडावर आली आहे आणि फिटरला तारीख द्यायची आहे, म्हणून उत्तर आधी सांगतो. दोन्ही टेबलांना निळं कापड लावा. नेव्ही नको, काळपट निळा नको. शाळेच्या निळ्या पँटपेक्षा बराच उजळ आणि आकाशापेक्षा गडद, असा मधला निळा घ्या. रंगपत्रकात त्याला टूर्नामेंट ब्लू किंवा इलेक्ट्रिक ब्लू म्हणतात. फिटरकडे तागा पडून असेलही, पण सल्ला त्यानं बरोबर दिलाय.

का, ते सविस्तर सांगतो. कारण तुमच्याच पत्रात आहे, एका ओळीत, आणि ती ओळ घरात कुणी कापडाशी जोडून वाचली नसावी.

आधी दोन रंगांचं. एकाला हिरवं, एकाला लाल लावलंत तर भांडण मिटायचं नाही, ते हॉलमध्ये कायमचं मांडून ठेवल्यासारखं होईल. मी अशी पार्लर पाहिली आहेत. महिन्याभरात गिऱ्हाइकांचा हात एका टेबलावर बसतो. मग त्या टेबलावर नंबर लागलेला आणि शेजारचं रिकामं. 'बघ, माझंच टेबल चालतं' हे तुम्हाला जेवताना रोज ऐकावं लागेल. हिशेबातही ते बसत नाही. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावायचे चॉक दोन रंगांचे आणावे लागतात, आणि एका टेबलाच्या कुशनचं, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीचं, कापड फाटलं तर दुसऱ्याच्या उरलेल्या तुकड्यातून भागवता येत नाही. एकच रंग घ्या, एकाच वेळी घ्या, एकाच ताग्यातून घ्या. वेगळ्या खेपेत रंगवलेल्या ताग्याची छटा, नंबर तोच असला तरी, किंचित हलते. टेबलाचा पट आणि कुशन शेजारी शेजारी आले की ती लगेच डोळ्यांवर येते.

आता मिस्टरांचं म्हणणं. त्यांच्या हिरव्यामागे पाचशे वर्षं उभी आहेत. पंधराव्या शतकात युरोपात हा खेळ हिरवळीवर खेळत. बॉल जमिनीवर, हातात काठी. पाऊस-थंडीमुळे तो घरात, टेबलावर आला तेव्हा गवताच्या जागी हिरवं कापड अंथरलं गेलं आणि ते टिकलं. पूलचा भाऊबंद स्नूकर तर आपल्याच मातीतला. १८७५ साली जबलपूरला इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये तो सुरू झाला. भुसावळहून खंडवा, इटारसी करत जी लाइन जाते तिच्यावरचंच ते जबलपूर. मिस्टरांना हे सांगा, त्यांना बरं वाटेल. आणि केवळ परंपरा आहे असंही नाही. भरपूर उजेडात माणसाच्या डोळ्याला सर्वांत जास्त जाणवतो तो पिवळसर हिरवा प्रकाश, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. तासन् तास टेबलावर वाकून खेळणाऱ्याला हिरवं कापड सोसतं, त्यात तथ्य आहे. त्याचा दोष एवढाच की पूलमधला ६ नंबरचा बॉल हिरवा असतो आणि १४ नंबरला हिरवा पट्टा असतो. ते दोन बॉल हिरव्यावर थोडे बुडतात. नीट दिसणाऱ्या माणसाला त्याची सवय होऊन जाते. टेबलं फक्त मिस्टरांसाठी असती तर मी हिरवंच लावायला सांगितलं असतं.

लालचं मात्र मला अनुभवानं वाकडं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका हॉटेलमालकानं माझ्याकडून टेबलाला मरून कापड लावून घेतलं. त्याच्या खुर्च्या मरून, पडदे मरून, टेबलही त्याच रंगात हवं. मला मनातून पटलं नव्हतं, पण ऑर्डर हातची जाईल म्हणून मी बोललो नाही. पहिल्याच संध्याकाळी मी तिथं होतो. चार मुलं खेळत होती. ब्रेकनंतर, म्हणजे बॉल फोडायच्या पहिल्या फटक्यानंतर, सात नंबरचा बॉल लांबच्या कुशनला टेकून थांबला होता. सात नंबर मरूनच असतो. नंबरचा पांढरा गोल कुशनकडे वळलेला. मुलं टेबलाभोवती फिरत होती, एक तर पॉकेटात हात घालून चाचपत होता, आणि बॉल तिथंच, सगळ्यांच्या समोर. पाच महिन्यांत ते कापड उतरवलं. पैसे त्याचे गेले. मी त्या वेळी बोलायला हवं होतं, हे अजून मनात आहे. म्हणून तुम्हाला इतकं स्पष्ट लिहितोय.

भडक लाल घेतलं तर ३ आणि ११ नंबर बुडतात, गडद लाल घेतलं तर ७ आणि १५. म्हणजे पंधरातले दोन-चार बॉल कुठल्याही लालवर गेलेच. दुसरं असं की लालकडे बराच वेळ बघून नजर पांढऱ्यावर नेली की पांढऱ्यावर हिरवट-निळी झाक दिसते. घरी लाल ब्लाउजपीसकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग भिंतीकडे बघा, लगेच कळेल. पूलमध्ये दर फटक्याला पांढऱ्या बॉलवर नजर ठेवावी लागते. दोन-तीन गेममध्ये डोळे शिणतात आणि आपण का थकलो ते गिऱ्हाइकाला समजतही नाही. तो फक्त लवकर उठून जातो. तुमचं टेबल तासावर चालणार, तेव्हा हे तुमच्या वहीत उतरेल.

काळ्याबद्दल फार लिहायला नको. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वारं सुटलं की काळ्या रानाची धूळ घरभर होते. ती वाळली की राखाडी दिसते आणि काळ्या कापडावर बोटानं रेघ ओढावी इतकी बसते. ब्रेकच्या वेळी बॉल घासून कापडावर पांढरे ठिपके पडतात, तेही काळ्यावर सगळ्यांत जास्त दिसतात. पण मला खरी अडचण वाटते ती सावलीची. बॉलखाली कापडावर त्याची लहानशी सावली पडते, आणि बॉल नेमका कुठं टेकलाय हे डोळा तिच्यावरून ठरवतो. काळ्या कापडावर सावलीच दिसत नाही. आठ नंबरचा काळा बॉलही तिथं नुसता चमकणारा ठिपका होतो.

जागतिक पूल संघटनेच्या स्पर्धांसाठी जे साहित्याचे नियम आहेत त्यांत कापडाचे तीनच रंग चालतात: पिवळसर हिरवा, निळसर हिरवा आणि इलेक्ट्रिक ब्लू. लाल आणि काळा त्यात नाहीत. पोराला फोटोचीच काळजी असेल तर त्याला टीव्हीवरच्या मोठ्या पूल स्पर्धा बघायला सांगा. गेली कित्येक वर्षं बहुतेक ठिकाणी निळंच कापड आहे, कॅमेऱ्यात बॉल त्याच्यावर सुटे दिसतात.

आता ती ओळ. 'मेडिकलला रंगात बाद झाला.'

ताई, लोको पायलटच्या मेडिकलला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. जपानच्या इशिहारा नावाच्या डॉक्टरांनी १९१७ साली ही चाचणी प्रसिद्ध केली आणि जगभर अजून तीच वापरतात. बहुतेक पानांवर तांबडा आणि हिरवा एकमेकांत मिसळलेले असतात. ज्याला त्या दोघांतला फरक पुसट दिसतो त्याला आकडा सापडत नाही. तुमच्या मुलाचं तसंच असण्याची शक्यता मोठी आहे. सिग्नलच्या नोकरीला ते चालत नाही, बाकी आयुष्यात त्याचं काही अडत नाही. पण पूलच्या टेबलावर ते थोडं आडवं येतं, आणि रंग चुकला तर जास्तच येतं.

विचार करा. लाल कापडावर हिरवा ६ नंबर. तुम्हाला आणि मला ते लांबूनही वेगळे दिसतील. त्याला दोन्ही मातकट, एकमेकांत मिसळलेले दिसू शकतात. मिस्टरांच्या हिरव्या कापडावर उलटं होईल, लाल ३ आणि मरून ७ त्याच्यासाठी बुडतील. म्हणजे बाप-लेक ज्या दोन रंगांवरून बोलायचे थांबलेत ते दोन्ही रंग नेमके त्याच जोडीतले निघाले जी मुलाला नीट वेगळी दिसत नाही. निळा त्या जोडीच्या बाहेरचा आहे. तांबडं-हिरवं पुसट दिसणाऱ्या माणसालाही निळं आणि पिवळं सहसा स्वच्छ दिसतं. निळ्या कापडावर लाल बॉल असो की हिरवा, तो कापडापासून सुटा दिसतो. म्हणून मी निळं म्हणतोय. तागा फिटरकडचा असो की दुसऱ्या कुणाकडचा.

आणि हे फक्त तुमच्या घरापुरतं नाही. युरोपात दर १२ पुरुषांमागे साधारण एकाला असं असतं, आशियात प्रमाण त्याहून कमी आढळतं, बायकांमध्ये तर अगदीच थोडं. पण रोज तीस-चाळीस पोरं येणाऱ्या हॉलमध्ये त्यातला एखादा असणारच. त्याला स्वतःलाही ते माहीत नसेल.

एक गोष्ट तुम्हाला कुणी तरी कधी तरी सांगेल, ती टोचेल अशी सांगितली जाण्याआधी मीच सांगतो. हा गुण मुलाकडे आईच्या बाजूनं येतो, कारण तो ज्या गुणसूत्रावर असतो ते मुलाला आईकडूनच मिळतं. आईला स्वतःला सहसा सगळे रंग ठीक दिसत असतात. तुमच्या वडिलांना किंवा एखाद्या भावालाही असेल, कधी कुणी तपासलं नसेल. यात तुमचं काही चुकलेलं नाही. डोळ्यांचा रंग जसा येतो तसंच हे आलं.

आणि भाऊ, आई हे पत्र तुला दाखवेलच, म्हणून दोन शब्द तुझ्याशी बोलतो. मी एका क्लबात मार्कर, म्हणजे गुण मांडणारा, होतो, मग टेबलं बांधायला लागलो, त्याला आता एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत रंग पुसट दिसणारे चांगले चांगले खेळाडू मी पाहिलेत. इंग्लंडचा पीटर एब्डन २००२ साली स्नूकरचा जगज्जेता झाला, आणि त्याला रंगांधळेपणा आहे हे साऱ्या स्नूकरजगाला माहीत आहे. तपकिरी बॉल लालच्या घोळक्याजवळ असला की तो पंचांना विचारून घ्यायचा. विचारण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. तुला लाल कापड का आवडतंय ते मला कळतं. दोन वर्षं घरी बसल्यावर आपलं काही तरी ठळक दिसावं असं वाटतंच. पण काउंटरवर तू बसणार आहेस. 'सहा गेला की सात?' यावरून दोघं वाद घालत तुझ्याकडे येतील तेव्हा तुला लांबून खात्रीनं सांगता आलं पाहिजे. ज्या टेबलावर तुला सगळं स्वच्छ दिसतं तेच टेबल तुझ्या हातून नीट चालेल.

निळ्याचेही दोष आहेत, ते झाकून ठेवत नाही. २ नंबर निळा असतो, १० नंबरला निळा पट्टा. म्हणूनच नेव्ही नको असं सुरुवातीला म्हटलं. कापड मधल्या निळ्याचं असलं की गडद निळा बॉल त्याच्यावर गडद म्हणून उठतो, सावलीही दिसते. दुसरा दोष ४ नंबरचा. तो जांभळा. जांभळ्यातला तांबडा भाग ज्याला कमी जाणवतो त्याला ४ आणि २ जवळजवळ सारखे दिसतात. याला कापडाचा रंग काही करू शकत नाही, बॉलचा सेट करू शकतो. टीव्हीवरच्या सामन्यांसाठी काढलेले सेट मिळतात, बेल्जियमच्या अरामिथचे आहेत. त्यात ४ नंबर जांभळ्याऐवजी गुलाबी असतो आणि ७ नंबर मरूनऐवजी फिकट तपकिरी. कॅमेऱ्यात बॉल एकमेकांसारखे दिसू नयेत म्हणून केलेला हा बदल तुमच्या मुलाच्या कामाचा आहे, कारण गुलाबी आणि निळ्यात उजळपणाचाच फरक पडतो. साध्या सेटपेक्षा महाग पडतो. निदान एका टेबलाला तो घ्या. खर्चात कुठं हात आखडायचाच असेल तर उद्घाटनाच्या मांडवात आखडा.

मिस्टरांच्या बाजूनंही निळ्याबद्दल एक तक्रार येईल आणि ती खरी असेल. वय झालं की डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश आत कमी पोहोचतो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या दिवाळीआधी झालं. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी मी माझ्याच हातानं लावलेल्या एका टेबलापाशी गेलो. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. जुन्या डोळ्याला ते कापड करडं-निळं दिसत होतं, नव्या डोळ्याला लख्ख निळं. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना कापडाचे रंग सांगत होतो ते त्या करड्या डोळ्यानं. तेव्हापासून रंग ठरवताना मी नेहमी एखादा पंचवीस वर्षांचा आणि एखादा साठीचा माणूस शेजारी उभा करतो. तुमच्या घरात दोघंही आहेत.

म्हणून ऑर्डर देण्याआधी एक काम करा. फिटरकडून निळ्या, हिरव्या आणि लाल कापडाचे हात-हातभर तुकडे मागा. प्लायवूडच्या फळीवर ते ताणून पिना मारा, टेबलावर ठेवा. प्रत्येकावर २, ३, ४, ६, ७ आणि ८ नंबरचे बॉल असे मांडा की आकडे खाली जातील. मग बापलेकांना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभं करा. 'कुठलं छान दिसतं?' असं अजिबात विचारू नका. 'कुठला बॉल कुठं आहे?' एवढंच विचारा, आणि दोघांची उत्तरं तुम्ही तुमच्या वहीत लिहा. एकदा दुपारी तीन वाजता करा, एकदा रात्री नऊला दिवे लावून. पोराला परीक्षेला बसवल्यासारखं वाटू नये म्हणून आधी तुम्ही स्वतः उभ्या राहा, चुका, हसा, मग त्या दोघांना बोलवा. बाप चुकेल तिथं मुलगा बरोबर येईल, मुलगा चुकेल तिथं बाप. दोघंही ज्या तुकड्यावर कमीत कमी चुकतील ते कापड घ्या. निळं सोडून दुसरं काही निघालं तर माझं म्हणणं बाजूला ठेवा आणि तुमच्या वहीचं ऐका.

दिव्यांशिवाय मात्र हे सगळं वाया. टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्यावर किमान ५२० लक्स उजेड पडावा असा स्पर्धांचा नियम आहे. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, अंदाजापुरतं ते चालतं. मधोमध एकच मोठा बल्ब टांगला तर मध्ये लखलखाट आणि कोपऱ्यांतल्या पॉकेटांत अंधार होतो. टेबलाच्या लांबीइतकी एलईडीची लांब पट्टी किंवा एका ओळीत तीन दिवे लावा. टेबलाच्या पटापासून निदान ४० इंच वर, म्हणजे वाकणाऱ्याच्या डोक्याला लागणार नाहीत. दुकानदार ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा पुढं करेल, तुम्ही ४००० चा मागा. ६५०० च्या उजेडात निळं कापड थंड आणि टोचरं दिसतं, लाल-मरून बॉल मेल्यासारखे वाटतात. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो. तो ९० किंवा जास्त असेल तर रंग खरे दिसतात. तुमच्या मुलासाठी हा आकडा दिव्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे.

हॉलला पश्चिमेची खिडकी असेल तर जाड पडदा लावा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन टेबलाच्या एका कोपऱ्यावर रोज तासभर पडलं तर कुठलाही रंग तिथं उडतो. कूलरचंही बघा. कूलरशिवाय उन्हाळ्यात कुणी येणार नाही, ते खरं, पण त्याचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. हे कापड लोकरीचं असतं आणि लोकर हवेतलं पाणी पिते, हाताला ओली लागत नाही तरीही. मग बॉल जड चालतात, कापड सैल पडतं. कूलर खुर्च्यांच्या बाजूला, माणसांवर रोखलेला ठेवा.

कापड घेताना रंगाइतकंच पोतही विचारा. फिटर दोन जाती दाखवेल. एकावर बारीक लव असते, ते स्नूकरचं, त्याला एकाच दिशेनं ब्रश मारावा लागतो. दुसरं गुळगुळीत, वर्स्टेड लोकरीचं, त्यात थोडं नायलॉन. पूलला दुसरं घ्या. त्याच्यात धूळ कमी अडकते आणि बॉल सुटा पळतो. स्पर्धांच्या नियमात लोकर निदान ८५ टक्के लागते. धंद्याच्या टेबलालाही तेवढी असावी. काही जण स्वस्तात पॉलिस्टरचं लावतात, ते लवकर गोळे धरतं.

निळं कापड म्हणजे चॉकही निळाच. पोरं स्वतःच्या क्यूबरोबर हिरवा चॉक घेऊन येतील, तो काउंटरवर ठेवून घ्या आणि निळा द्या. चॉकची वडी टेबलाच्या कडेवर नेहमी तोंड वर करून ठेवायची, नाहीतर लाकडी कड रंगते आणि तिथून शर्टाच्या बाह्यांवर जाते. रोज रात्री मऊ ब्रश, आठवड्यातून एकदा हलक्या ओढीचा व्हॅक्यूम, आणि बॉल कोमट पाण्यात थोड्या साबणानं धुऊन कोरडे पुसायचे. कापडावरचा निम्मा काळेपणा बॉलवरूनच येतो. केळीचे वेफर्स आणि शेव टेबलापासून लांब, त्यासाठी भिंतीला एक फळी मारून घ्या. चहा सांडलाच तर कोरड्या सुती फडक्यानं टिपायचा, घासायचा नाही.

हॉलच्या मापात तुमची टेबलं बसतात. आठ फुटी टेबलाला चारी बाजूंनी क्यू मागं ओढायला जागा सोडून साधारण १७ फूट बाय साडेतेरा फूट लागतं. दोन शेजारी शेजारी, लांबी २० फुटांच्या बाजूनं ठेवा, ३० फुटांत दोन्ही मावतील.

कापड लावायला दोन टेबलांना फिटरचे दोन दिवस धरा. आखाजीच्या आदल्या दिवशी लावू नका. नवं कापड ताणल्यावर चार-पाच दिवस रोज खेळून बघावं लागतं, कुठं सैल सुटलं तर फिटरला परत बोलवायला वेळ हवा. आखाजीला मुली माहेरी येतील, झोके बांधले जातील, घरात माणसं असतील. त्या दिवशी पहिला ब्रेक मिस्टरांना मारू द्या आणि बॉल पोरानं लावावेत.

वहीतली ती दोघांची उत्तरं मला जरूर पाठवा. कोणता बॉल कोणाला कुठं सापडला नाही, ते वाचायची मला उत्सुकता आहे.

तुमचा दादा